वेबसाइट हळू का उघडते आणि त्यावर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमस्टे, हापूसची घरपोच विक्री, दिवाळी अंक, शिकवणी वर्ग, तालुक्याच्या बातम्या अशा छोट्या-मध्यम मराठी वेबसाइट चालवणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. यांतल्या बहुतेक वेबसाइट वर्डप्रेसवर असतात, मजकूर मराठीत असतो आणि वाचक मोबाइलवर असतो. उत्तरंही तेच धरून दिली आहेत.

माझ्या फोनवर तर साइट झटकन उघडते. मग लोक हळू आहे असं का म्हणतात?

कारण तुमच्या फोनने ती आधीच साठवून ठेवली आहे. तुम्ही रोज उघडता, त्यामुळे लोगो, फॉन्ट, पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइली हे सगळं फोनमध्येच असतं. नव्याने उतरवायला फारसं काही उरत नाही. शिवाय तुम्ही घरच्या नाहीतर ऑफिसच्या वायफायवर असता. तुमचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून पहिल्यांदाच येतं, एसटीत बसलेलं असतं आणि घाटात त्याची रेंज ये-जा करत असते.

फोनच्या ताकदीचा फरक तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पान नुसतं उतरवून भागत नाही, त्यातली जावास्क्रिप्ट फोनला वाचून चालवावीही लागते. महागड्या फोनला जे काम क्षणभराचं, त्यासाठी स्वस्त फोन कित्येक पट वेळ घेतो, नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी. म्हणून घरात ज्याचा फोन सगळ्यात जुना असेल त्याचा मागून घ्या, वायफाय बंद करा, इन्कॉग्निटो विंडोत स्वतःची साइट उघडा आणि घड्याळ लावा. कुठल्याही अहवालाआधी ही चाचणी करावी.

दोन-चार सेकंदांनी खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात: ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला तो तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. मोबाइलवर तर एवढा धीरही कोणी धरत नाही. पान उघडायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर मोबाइलवरच्या ५३ टक्के भेटी तिथेच संपतात, असं गूगलने २०१६ मध्ये मांडलं होतं.

आपल्याकडची उदाहरणंही आहेत. इकॉनॉमिक टाइम्सने पानं सुधारल्यावर एकच पान पाहून परत जाणाऱ्यांचं प्रमाण एकंदर ४३ टक्क्यांनी सुधारलं. रेडबसने पानावर बोट टेकल्यानंतर मिळणारा प्रतिसाद जलद केला आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढली. हे मोठे उद्योग आहेत, तुमचा आकडा तोच येईल असं नाही. पण गुहागरला किंवा तारकर्लीला खोली शोधणारा माणूस एका वेळी चार-पाच होमस्टेच्या साइट उघडतो आणि जी आधी दिसते तिथे फोन लावतो. त्याच्या यादीत असूनही तुम्ही केवळ उशिरामुळे गळता, आणि हे तुम्हाला कधी कळतही नाही.

आणि पैशाचा हिशेबही बघा. पानाचं वजन वाचकाच्या डेटा पॅकमधून वजा होतं. १० एमबीचं मुखपृष्ठ म्हणजे तुम्ही न विचारता त्याच्या खिशात घातलेला हात आहे.

गूगलमध्ये वर येण्यासाठी वेग लागतो का?

लागतो, पण जाहिरातींत सांगतात तितका नाही. गूगलने संगणकावरच्या शोधात वेगाचा विचार २०१० मध्ये सुरू केला, मोबाइलवरच्या शोधात जुलै २०१८ पासून, आणि २०२१ मध्ये पानाच्या अनुभवाचे मापदंड त्यात आणले. तरीही आधी पाहिलं जातं ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पानावर आहे की नाही हेच. दोन पानं तोलामोलाची असतील तेव्हा वेग कामी येतो. माझं मत विचाराल तर गूगलसाठी नव्हे, आलेला माणूस टिकावा म्हणून वेग सुधारा.

पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलच्या वेग तपासायच्या साधनावर) ४२ गुण आले. किती हवेत?

गुणांकडे पाहायच्या आधी त्या पानाचा वरचा भाग पाहा. तिथे गेल्या २८ दिवसांत क्रोमवरून आलेल्या खऱ्या माणसांचा अनुभव दिलेला असतो. खालचे गुण प्रयोगशाळेतले असतात: मध्यम दर्जाचा फोन आणि सेकंदाला सुमारे १.६ मेगाबिटचं मंद ४जी गृहीत धरून एकदाच केलेली चाचणी. लागोपाठ दोनदा केली तरी गुण बदलतात. १०० गुणांच्या मागे लागून लोक साइट मोडून ठेवतात, तसं करू नका.

वरच्या भागातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. एलसीपी म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ, तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आयएनपी म्हणजे ‘बुकिंग करा’वर बोट टेकल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ, तो २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. मार्च २०२४ पासून हे माप जुन्या एफआयडीच्या, म्हणजे फक्त पहिल्या स्पर्शाचा उशीर मोजणाऱ्या मापाच्या, जागी आलं आहे. तिसरं सीएलएस, म्हणजे पान किती उड्या मारतं. तुम्ही बातमी वाचायला बोट टेकवता, तेवढ्यात वरून जाहिरात घुसते, मजकूर खाली सरकतो आणि बोट जाहिरातीवर पडतं, तोच प्रकार. हा आकडा ०.१ च्या आत ठेवायचा. आणि ही मापं सरासरीवर ठरत नाहीत. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींमध्ये ती पाळली जायला हवीत.

साइट लहान असेल तर वरचा भाग रिकामा दिसेल, कारण आकडे काढण्याइतके लोक आलेले नसतात. मग खालच्या चाचणीवर आणि जुन्या फोनवर भिस्त ठेवा.

सगळ्यात आधी काय दुरुस्त करू?

फोटो. दहापैकी आठ साइट पाहून मी हेच सांगेन आणि उरलेल्या दोन न पाहताच.

होमस्टेचं मुखपृष्ठ घ्या. वर अंगणातल्या झोपाळ्याचा फोटो आहे, फोनने काढला आणि तसाच चढवला. तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे, वजन ५ एमबी. पाहणाऱ्याच्या फोनवर तो चार बोटं रुंदीच्या जागेत दिसणार आहे. आता मघाचं मंद ४जी धरा. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट, भागिले १.६, म्हणजे २५ सेकंद. एका फोटोला! शिवाय उतरल्यावर फोनला तो उलगडावा लागतो आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर १ कोटी २० लाख पिक्सेल ४८ एमबी मेमरी खातात. अशा सहा फोटोंची गॅलरी स्वस्त फोनवर अडखळली तर त्यात फोनचा दोष नाही.

तोच फोटो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी स्वरूपात जतन केला तर साधारण १००-२०० केबीत बसतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. एव्हिफ स्वरूपात तो बहुतेकदा आणखी लहान होतो. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे लहान केलेला, मधली पट्टी सरकवून स्वतःच्या डोळ्यांनी पारखता येतं. गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. पानाफुलांच्या फोटोत ती आणखी खाली गेली तरी चालते. पैठणीच्या काठाचा किंवा दागिन्याचा फोटो असेल तर थोडी वर ठेवा, तिथे गिऱ्हाईक बारकावा पाहायलाच आलेलं असतं.

प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची पानाच्या कोडमध्ये लिहिलेली आहे ना, हेही पाहून घ्या. ती असली की ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि फोटो आल्यावर मजकूर सरकत नाही.

लेझी लोडिंग चालू केलं, तरी पहिला फोटो उशिराच दिसतो. असं का?

ते पहिल्या फोटोलाही लागू झालं असणार. लेझी लोडिंग म्हणजे फोटो नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत मागवायचाच नाही. खालच्या फोटोंना हे उत्तम. पण उघडल्या उघडल्या दिसणाऱ्या फोटोला तेच लावलं तर ब्राउझर आधी मांडणी लावत बसतो आणि मग फोटो मागवतो. वरच्या फोटोवरून लेझी काढा आणि त्याला ‘फेच प्रायॉरिटी हाय’ ही सूचना द्या.

मराठी फॉन्टमुळे साइट जड होते का?

होऊ शकते, आणि इंग्रजी साइटवरचे सल्ले इथे पुरे पडत नाहीत. लॅटिन लिपीच्या फॉन्टमध्ये लहान-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं एवढ्यावर भागतं. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, रफार, शिवाय क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्र अशी शेकडो जोडाक्षरं आणि त्यांना जोडणारे नियमही फाइलमध्ये भरावे लागतात. त्यामुळे फाइल लॅटिनच्या कित्येक पट मोठी होते. त्यात आपल्या थीम पातळ, साधा, मध्यम, ठळक, अतिठळक अशी पाच वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार, मागवतात. वापरात असतात दोन.

तर पहिलं काम: साधं आणि ठळक एवढी दोनच वजनं ठेवा. दुसरं: फाइल डब्ल्यूओएफएफ२ स्वरूपातच द्या, टीटीएफ नको. तिसरं: फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. गूगल फॉन्ट्सची फाइल दुसऱ्या कुठल्या साइटमुळे वाचकाच्या फोनमध्ये आधीच असेल हा जुना हिशेब आता चालत नाही. २०२० पासून क्रोम प्रत्येक साइटचा साठा वेगळा ठेवतो. दुसऱ्याच्या सर्व्हरशी नव्याने जोडणी करण्यात वेळ जातो तो वेगळाच. चौथं: ‘फॉन्ट डिस्प्ले स्वॅप’ ही सूचना घाला. ती नसली तर फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर ३ सेकंदांपर्यंत मजकूर लपवून ठेवतो. मजकूर येऊन पोचलेला असतो आणि वाचक कोऱ्या पानाकडे बघत असतो.

फॉन्टमधली न लागणारी अक्षरं काढून फाइल लहान करता येते, पण इथे जपून. इंग्रजीची सवय असलेला माणूस नुसती सुटी अक्षरं ठेवून जोडाक्षरांचे आकार आणि नियम छाटून टाकतो, आणि मग पानभर पाय मोडलेले शब्द दिसायला लागतात. छाटणी झाली की ‘कृष्णा, ज्ञानेश्वर, उद्ध्वस्त, राष्ट्र, वाऱ्यावर, सातऱ्याचा’ एवढे शब्द टाकून पाहा. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ऱ्य हमखास बिघडतो, कारण तो मराठीला लागतो आणि हिंदीपुरती तपासणी करणाऱ्याला तो आठवत नाही.

खरं तर फॉन्ट मागवलाच नाही तर? अँड्रॉइडमध्ये नोटो सॅन्स देवनागरी असतो, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी, विंडोजमध्ये निर्मला. तिन्ही वाचायला चांगले आहेत. बातम्यांची साइट असेल तर मी बेधडक हेच करायला सांगते: मजकूर फोनमधल्याच फॉन्टमध्ये, आणि मथळ्यांना हवा असेल तर एकट्या मुक्ता किंवा बलूचं एक वजन. दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी. तिथे अक्षराचं रूप हा अंकाचाच भाग असतो, त्यासाठी थोडं वजन सोसावं.

जाता जाता, पानाची भाषा कोडमध्ये ‘एमआर’ अशी नोंदवा. याने वेग वाढत नाही, पण ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे श आणि ल आपल्या मराठी वळणाचे दिसतात.

देवनागरी मजकूर मुळातच जड असतो ना?

इंग्रजीपेक्षा असतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ लिहायला १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. पण सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली चालू असेल तर हा मजकूर दाबून फार लहान होतो. दोन हजार शब्दांचा लेखही एका साध्या फोटोपुढे नगण्य ठरतो.

जड होतो तो मजकूराचा फोटो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख युनिकोडमध्ये बदलायचा कंटाळा येतो, म्हणून अजूनही अनेक ठिकाणी पानाची जेपीजी करून चढवतात. तो लेख शोधात सापडत नाही, अंध वाचकाला ऐकता येत नाही, फोनवर बोटांनी ताणून वाचावा लागतो. रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात. एक दुपार द्या आणि ते काम करून टाका.

होस्टिंग बदलू का?

आधी टीटीएफबी पाहा, म्हणजे विनंती केल्यापासून सर्व्हरकडून पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ. तो ०.८ सेकंदाच्या आत असेल आणि तरी पान हळू असेल, तर होस्टिंग बदलून पैसे वाया जातील. दुखणं फोटोंत किंवा स्क्रिप्टमध्ये आहे. तो दोन-तीन सेकंद असेल तर मात्र विचार करा.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारा. स्वस्त होस्टिंगचा सर्व्हर अनेकदा अमेरिकेत असतो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साधारण १२ ते १३ हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येऊन किमान ०.१२ ते ०.१३ सेकंद, तेही केबल सरळ रेषेत टाकली आहे असं धरून. ती तशी नसते. शिवाय नवी जोडणी करताना एक फेरी हस्तांदोलनाची, एक सुरक्षित जोडणीची आणि मग एक पानाची. तीन फेऱ्यांत अर्धा सेकंद सहज जातो आणि अजून पडद्यावर काहीच नसतं. या अंतरावर दुसरा उपाय नाही, सर्व्हरच जवळ आणावा लागतो. अ‍ॅमेझॉनची क्लाउड केंद्रं २०१६ पासून आणि गूगलची २०१७ पासून मुंबईत आहेत. भारतातला सर्व्हर देणारं होस्टिंग आता सहज मिळतं.

वाचक पुण्यात, दुबईत आणि न्यू जर्सीत असे विखुरलेले असतील, जसे दिवाळी अंकाचे असतात, तर सीडीएन घ्या. तुमच्या फोटो-फॉन्टच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवल्या जातात आणि प्रत्येकाला जवळच्या केंद्रातून मिळतात. क्लाउडफ्लेअरची मोफत योजना लहान साइटला पुरते.

वेग वाढवणारं प्लगइन टाकलं की झालं ना?

एक कॅशिंग प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा प्रोग्राम) जरूर टाका. वर्डप्रेस प्रत्येक भेटीला डेटाबेसमधून माहिती काढून पान नव्याने बांधतं. कॅशिंगमुळे बांधलेलं पान ठेवून दिलं जातं आणि पुढच्याला तेच मिळतं. टीटीएफबी इथेच सर्वांत जास्त उतरतो. मात्र अशी दोन प्लगइन एकत्र लावू नका, ती एकमेकांच्या पायात येतात. आणि ऑनलाइन विक्री असेल तर खरेदीची पिशवी आणि पैसे भरण्याचं पान कॅशमधून वगळलेलं आहे याची खात्री करा, नाहीतर एकाचा माल दुसऱ्याला दिसेल.

पण मी पाहिलेल्या बहुतेक साइट काहीतरी कमी पडल्यामुळे हळू नसतात. जास्तीचं साचल्यामुळे असतात. प्लगइनची यादी उघडा आणि प्रत्येकापुढे विचारा: हे नसेल तर गिऱ्हाईकाला काय कळेल? सणाला टाकलेला दिव्यांचा पाऊस, भेटी मोजणारा आकडा, तीन आयकॉनसाठी आणलेला अख्खा आयकॉन फॉन्ट. आधी बॅकअप घ्या, मग एकेक बंद करत जा आणि दर वेळी साइट तपासा.

स्लायडर ठेवू का?

काढा. दुसऱ्या फोटोपर्यंत फार थोडे लोक थांबतात, आणि पाचही फोटोंचं ओझं मात्र सगळ्यांवर पडतं. एक चांगला फोटो आणि त्याखाली फोन नंबर ठेवा.

यूट्यूब, नकाशा, चॅट, जाहिराती यांचं काय?

हे बाहेरून येणारं सामान तुमच्या ताब्यात नसतं, म्हणून त्याचा त्रास जास्त. यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवला की कोणी तो चालवला नाही तरी त्याची स्क्रिप्ट उतरतेच. त्याऐवजी नुसतं चित्र आणि त्यावर चालू करण्याचं बटण ठेवा, दाबल्यावरच खरा व्हिडिओ मागवा. नकाशाचंही तेच: ‘वाट दाखवा’ अशी साधी लिंक दिली की फोनमधलं नकाशाचं अ‍ॅपच उघडतं, आणि गाडीत बसलेल्या पाहुण्याला तेच हवं असतं. तरंगत्या चॅट पेटीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या. नुसती लिंक, प्लगइन नको.

जाहिरातींवर साइट चालत असेल तर त्या काढा असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे बातमी खाली ढकलली जाणार नाही. पहिल्या परिच्छेदाच्या वर एकही नको.

एएमपी करून घ्यावं का?

एएमपी म्हणजे मोबाइलसाठी पानाची वेगळी हलकी आवृत्ती करण्याची गूगलने आणलेली पद्धत. आता गरज नाही. गूगलच्या ठळक बातम्यांत येण्यासाठी एएमपी असण्याची अट २०२१ मध्ये निघाली. मूळ पानच हलकं करा.

सगळं केलं. फरक कधी दिसेल?

प्रयोगशाळेतल्या चाचणीत लगेच. खऱ्या भेटींचे आकडे २८ दिवसांचे असल्याने हळूहळू सरकतील. पहिल्या आठवड्यात काही हललं नाही तर खचू नका. त्याआधी तुम्हाला फरक जाणवेल तो फोनवर येणाऱ्या चौकशीत. ‘तुमची साइट उघडत नाहीये, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असं म्हणणारे कमी होतील.

नवी साइट करून घेतोय. करणाऱ्याला काय सांगू?

तोंडी ‘फास्ट पाहिजे’ म्हणू नका, कागदावर लिहून द्या. मोबाइलवर मुखपृष्ठाचं एकूण वजन १ एमबीच्या आत. मंद ४जीच्या चाचणीत एलसीपी २.५ सेकंदांच्या आत. फॉन्टची जास्तीत जास्त दोन वजनं, जोडाक्षरं तपासून. तुम्ही पुढे चढवाल ते फोटो साइटने आपोआप लहान करावेत, कारण सहा महिन्यांनी घाईत ५ एमबीचा फोटो तुम्हीच चढवणार आहात. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ही चाचणी तुमच्या समोर, तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर करून दाखवायची.